चर्चच्या माध्यमातून शेजाऱ्यांशी मैत्री : एकटेपणा जाणवणाऱ्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

नव्या वस्तीत राहायला आलेले कुटुंब, जोडीदार गमावलेली व्यक्ती, मुले दूर गेल्यामुळे घरात एकटे उरलेले ज्येष्ठ, दिवसभर घरूनच काम करणारा तरुण, या सर्वांची अडचण वरवर वेगळी दिसली तरी आतून सारखीच असते. आजूबाजूला दारे पुष्कळ असतात, पण निःसंकोच ठोठावावे असे त्यांत एकही नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा जाणवतो. तेव्हा हा तुमच्या स्वभावातला दोष आहे असे मानू नका. ज्या चर्चमध्ये तुम्ही पहिले पाऊल टाकाल, तिथेही हाच भार घेऊन आलेले कोणीतरी जवळपास बसलेले असण्याची शक्यता बरीच आहे.

चर्चमुळे शेजाऱ्यांशी मैत्री जुळू शकते, परंतु ती केवळ हजेरीने जुळत नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे. चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील नागरिकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. दर आठवड्याला उपासनेला जाणारे आणि आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहात, तीन ते पाच जवळचे मित्र असणारे जे लोक होते, त्यांच्यापैकी ३३ टक्के लोकांनी आपण आयुष्याबाबत अत्यंत समाधानी असल्याचे सांगितले. तितक्याच नेमाने जाणाऱ्या, पण मंडळीत एकही जवळचा मित्र नसणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १९ टक्के होते, आणि उपासनेला कधीच न जाणाऱ्यांमध्येही ते १९ टक्केच होते. समाधानाची मोजणी आणि एकटेपणाची मोजणी अगदी एक नसली, तरी नवख्याने यातून घेण्याची गोष्ट स्पष्ट आहे. उपासनेचे आध्यात्मिक मोल ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे. एकटेपणा मात्र त्या गर्दीतली तीन-चार माणसे आपल्या भरवशाची झाली की कमी होऊ लागतो. पुढच्या सर्व पायऱ्या त्यासाठी आहेत, आणि नियमित श्रद्धावंत, अनेक वर्षांनी चर्चकडे परतणारे किंवा अजून काहीच न ठरवलेले अशा सर्वांना त्या लागू पडतात.

पहिली पायरी : जवळचे चर्च शोधा

चर्च निवडताना बहुतेक जण प्रवचन, संगीत किंवा इमारत पाहतात. शेजाऱ्यांशी मैत्री हा हेतू असेल, तर मी अंतराला पहिले स्थान देईन. लिओन फेस्टिंजर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास करून १९५० मध्ये असे दाखवले की, मैत्री जुळण्याची शक्यता अगदी शेजारच्या दारातल्या माणसाशी सर्वाधिक असते आणि काही दारे पुढे गेले तरी ती झपाट्याने कमी होते. येता-जाता सहज पडणाऱ्या गाठी ठरवून केलेल्या भेटींपेक्षा अधिक काम करतात. म्हणून चालत जाता येईल असे चर्च निवडले, तर रविवारी ज्यांना नमस्कार केला तीच माणसे मंगळवारी रस्त्यावर, बस थांब्यावर किंवा शाळेच्या फाटकाशी पुन्हा दिसतात आणि ओळख आपोआप पुढे सरकते.

कॅथलिक आणि अँग्लिकन परंपरेत पॅरिशची (एका चर्चकडे सोपवलेल्या परिसराची) हद्द भौगोलिक असते, त्यामुळे तेथील चर्च मुळातच आसपास राहणाऱ्यांसाठी असते. अनेक स्वतंत्र मंडळ्यांमध्ये मात्र लोक दूरदूरवरून येतात. तुमच्या पंथाचे चर्च दूर असेल, तर उपासनेसाठी तिथेच जावे, परंतु घराजवळच्या चर्चमधील आठवड्यातल्या एखाद्या उपक्रमात सहभागी व्हावे. यात निष्ठेचा प्रश्न येत नाही आणि बहुतेक पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) त्यात काही वावगे वाटत नाही. निवड करण्यापूर्वी चर्चच्या कार्यालयात दोन गोष्टी विचाराव्यात : आमच्या भागात राहणाऱ्या सभासदांचा गट किंवा घरगुती प्रार्थनासभा आहे का, आणि उपासनेनंतर लोक थोडा वेळ थांबतात का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर त्या चर्चमध्ये रविवारी ओळखी होणे कठीण जाईल, हे गृहीत धरावे.

दुसरी पायरी : पहिले काही रविवार

एका चर्चला एकदाच जाऊन निष्कर्ष काढू नये, आणि दर आठवड्याला नवे चर्चही पाहत फिरू नये. एकच चर्च, एकच वेळ आणि शक्यतो एकच बाक, असे निदान दोन महिने करून पाहावे. परिचित चेहरा हळूहळू आवडू लागतो, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ पासून प्रयोगांनी दाखवले आहे. जागा सारखी बदलणाऱ्याला हा लाभ मिळत नाही. उपासनेच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. शेवटच्या क्षणी येऊन शेवटच्या गीताला बाहेर पडणारा माणूस वर्षभर येऊनही अनोळखीच राहतो.

रीतीभातींची धास्ती पुष्कळांना असते. सर्वांबरोबर उठावे आणि बसावे. शब्द येत नसतील तर शांत राहिले तरी चालते. प्रभुभोजन किंवा मिस्सातील (कॅथलिक उपासनेतील) कम्युनियन, म्हणजे उपासनेत दिली जाणारी पवित्र भाकर व द्राक्षारस, याविषयी पंथापंथांत नियम वेगळे आहेत : कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ते सामान्यतः त्या त्या पंथाच्या सभासदांसाठीच असते, इतर अनेक चर्चमध्ये सर्व बाप्तिस्मा घेतलेल्यांना आमंत्रण असते. ठाऊक नसेल तर जागेवर बसून राहावे. त्यात अपमान कोणाचाच नाही. पाहुण्याने दानपात्रात पैसे टाकलेच पाहिजेत असे नाही, आणि स्वागताच्या कार्डावर घरचा पत्ता लिहिणे बंधनकारक नसते.

नावे मात्र मनापासून लक्षात ठेवावीत. बायबलमधील, प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय अनेक वाचक भरभर उलटतात, कारण त्यात नुसती नावे आहेत. परंतु दोन डझनांहून अधिक माणसांची नावे घेऊन, कोणी किती श्रम केले आणि कोण कोणाच्या घरी जमते हे नमूद करून तो सलाम पाठवतो. मंडळी कशी बांधली जाते हे त्या अध्यायाइतके क्वचितच कुठे दिसते. घरी परतल्यावर भेटलेल्या माणसाचे नाव आणि त्याने सांगितलेली एक गोष्ट वहीत टिपून ठेवावी, पुढच्या रविवारी "तुमच्या आईची तब्येत आता कशी आहे?" एवढा प्रश्न पुरतो. पहिल्या भेटीत बोलायला विषय सुचत नसेल, तर "मी इथे नवीन आहे, तुम्ही किती वर्षांपासून येता?" हे वाक्य जवळजवळ कुठेही चालते, कारण त्यात स्वतःची स्थिती प्रामाणिकपणे सांगितलेली असते आणि समोरच्याला स्वतःविषयी बोलायला वाव मिळतो.

तिसरी पायरी : छोट्या गटात सामील व्हा

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा असे माझे ठाम मत आहे. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला गेलेले प्रौढ आणि विद्यापीठात नव्याने दाखल झालेले विद्यार्थी यांचा अभ्यास करून २०१८ मध्ये असा अंदाज मांडला की, ओळखीच्या माणसाशी साधी मैत्री होण्यास सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, खरी मैत्री व्हायला सुमारे ९० तास लागतात, आणि जिवलग मित्र होण्यासाठी २०० तासांहून अधिक. आता हिशोब करून पाहा. उपासनेनंतर दर रविवारी एकाच व्यक्तीशी पंधरा मिनिटे बोलले, तर वर्षभरात जेमतेम १३ तास होतात, म्हणजे साध्या मैत्रीलाच जवळपास चार वर्षे लागतील. तेच आठवड्यातून दोन तास भरणाऱ्या छोट्या गटात गेले, तर ५० तास सुमारे सहा महिन्यांत पूर्ण होतात. "एवढे महिने चर्चला जातो, तरी कोणी आपले झाले नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा माणसांची उदासीनता नसून तासांची ही टंचाई असते.

छोट्या गटाची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमधील धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीत १७४२ मध्ये ब्रिस्टल येथे सभासदांचे साधारण बारा-बारा जणांचे वर्ग पाडले गेले, ते मुळात प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी. प्रत्येक वर्गाच्या प्रमुखाने दर आठवड्याला आपल्या सभासदांकडे जाऊन एक पेनी गोळा करायची होती. या फेऱ्यांमध्ये कोण आजारी आहे, कोणाच्या घरी भांडण आहे आणि कोण निराश झाला आहे हे कळू लागले, आणि वर्गणीची ती व्यवस्था परस्परांची काळजी घेण्याची व्यवस्था बनली. आज बायबल अभ्यासगट, विभागवार प्रार्थनासभा, महिला मंडळ, तरुण संघ, ज्येष्ठांचा गट किंवा नव्या पालकांचा गट अशी त्याची अनेक रूपे आढळतात.

गट निवडताना तीन निकष पुरेसे आहेत. माणसे सहा ते बारा असावीत. त्याहून मोठ्या गटात लाजाळू माणूस गप्पच राहतो. बैठक दर आठवड्याला किंवा निदान पंधरवड्याला व्हावी. आणि सदस्यांपैकी काही जण तुमच्या घरापासून जवळ राहत असावेत, म्हणजे जाता-येता सोबत होते; अनेकदा खरा संवाद सभेत न होता त्या परतीच्या वाटेवरच होतो. पहिल्या दोन-तीन बैठकांत ऐकण्यावर भर द्यावा, नंतर स्वतःविषयी थोडेसे सांगावे. "इथे आल्यापासून संध्याकाळी घर फार रिकामे वाटते" एवढे साधे वाक्य बोलायला धैर्य लागते, परंतु ते बोलल्यावरच दुसऱ्यालाही आपले असेच काहीतरी सांगावेसे वाटते. मनातले सगळे दुःख पहिल्याच दिवशी ओतू नये. ऐकणाऱ्यालाही ते पेलण्याइतकी ओळख व्हावी लागते.

चौथी पायरी : हाताला काम मागा

ज्यांना समोरासमोर बसून बोलणे अवघड जाते, त्यांच्यासाठी काम हा उत्तम आधार आहे. खुर्च्या मांडणे, गीतपुस्तके वाटणे, ध्वनियंत्रणा सांभाळणे, शब्बाथ शाळेतील मुलांच्या शिक्षिकेला मदत करणे, बागेची निगा राखणे अशी कामे सर्वत्र असतात आणि माणसे नेहमी कमी पडतात. "काही मदत हवी आहे का?" असे मोघम विचारले तर बहुधा "नको, राहू द्या" असे उत्तर येते, "पुढच्या रविवारी खुर्च्या लावायला मी लवकर येऊ का?" असे नेमके विचारावे.

गाता येत असेल, किंवा येत नसले तरी आवडत असेल, तर गायनपथकात जावे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील एलुनेड पिअर्स, रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये गायन, हस्तकला आणि सर्जनशील लेखन शिकणाऱ्या प्रौढांच्या वर्गांची तुलना केली. सात महिन्यांनंतर तिन्ही प्रकारच्या वर्गांतील माणसे परस्परांच्या जवळ आली होती, पण गाणाऱ्यांमध्ये ही जवळीक सुरुवातीलाच आणि फार लवकर निर्माण झाली. नवख्याला नेमकी सुरुवातच जड जाते.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. हॉल यांच्या अभ्यासातून असेही दिसले की, नुसते सोबत काम करण्यात गेलेले तास मैत्रीच्या दृष्टीने मोकळ्या वेळेइतके उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे काम संपताच घाईने घरी निघू नये. कामानंतरची वीस मिनिटे थांबणे हा त्या कामाचाच भाग मानावा. मंडळीत सहज नकार देता न आल्यामुळे चार समित्यांवर नाव असलेली, सर्वांना उपयोगी पडणारी आणि तरीही एकटी असलेली माणसे असतात. तुम्ही एकच जबाबदारी घ्या आणि ती मनापासून सांभाळा.

पाचवी पायरी : चर्चच्या दाराबाहेर, तुमच्या रस्त्यावर

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री येशूला विचारतो, "माझा शेजारी कोण?" उत्तरादाखल येशू चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगतो, आणि तिच्यात जखमी प्रवाशासाठी थांबणारा माणूस परक्या, अव्हेरलेल्या समाजातला असतो. चर्चच्या ओळखींपुरतीच मैत्री मर्यादित ठेवणाऱ्याने ही गोष्ट पुन्हा वाचावी. चर्चमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्यांइतकेच, तिथे कधीही न येणारे शेजारीही या प्रयत्नाचा भाग आहेत.

सुरुवात चर्चमधल्याच, पण तुमच्या रस्त्यावर राहणाऱ्या एखाद्या व्यक्तीपासून करावी. रविवारी सोबत चालत जाऊ या, असे सुचवावे. काही आठवड्यांनी आठवड्यातली एखादी ठरलेली वेळ सुचवावी, उदाहरणार्थ बुधवारी संध्याकाळी अर्धा तास फिरायला जाणे. दर वेळी नव्याने आमंत्रण द्यावे लागले तर दोन्ही बाजूंना संकोच वाटतो; वेळ ठरलेली असली की विचारण्याचा भार उरत नाही. त्यानंतर दोघांनी मिळून तिसऱ्या घराकडे वळावे. संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या संस्थेचे सदस्य आजही साधारणपणे जोडीनेच घरोघर भेटी देतात. दोघे गेल्याने संकोच कमी होतो, भेट देणारा आणि घेणारा दोघेही सुरक्षित राहतात, आणि वाटेवर त्या दोघांची आपसातली मैत्रीही वाढते.

भेट देण्यासाठी कोणाची निवड करावी, हा प्रश्न पाळकांना किंवा फादरांना विचारावा. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीपुढे उभी राहिलेली तक्रार अशी होती की, रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होत आहे, आणि त्यावर उपाय म्हणून सात जणांची नेमणूक झाली. दुर्लक्षित राहणारी माणसे आजही बहुधा तीच असतात : घराबाहेर पडू न शकणारे वृद्ध, आजारी माणसाची एकट्याने शुश्रूषा करणारे, नुकताच शोक झालेले. शोकाच्या घरी पहिल्या आठवड्यात गर्दी असते आणि तीन महिन्यांनी कोणीच फिरकत नाही, म्हणून तिसऱ्या महिन्यातली तारीख आपल्या वहीत आताच लिहून ठेवावी.

शेजाऱ्याकडून छोटी मदत मागणे, हाही मैत्रीचा मार्ग आहे. नेहमी देणाऱ्याच्या भूमिकेत राहणाऱ्या माणसापुढे लोक अवघडतात. शिडी मागावी, गावाला जाताना झाडांना पाणी घालण्याची विनंती करावी, जवळचा चांगला डॉक्टर कोण ते विचारावे.

अन्य धर्माचे किंवा कोणताच धर्म न मानणारे शेजारी असतील, तर स्वच्छ व्यवहार ठेवावा. चर्चच्या कार्यक्रमाला बोलावताना तिथे प्रार्थना होणार असेल तर तसे आधी सांगावे, आणि नकार आला तरी बोलण्या-वागण्यात तसूभर फरक पडू देऊ नये. मैत्रीचा गळासारखा वापर केला की समोरच्याला ते कळतेच, आणि मग तुमच्याबरोबर संपूर्ण मंडळीवरचा विश्वास उडतो. श्रद्धेविषयी त्याने विचारले तर मोकळेपणाने बोलावे. त्याच्या श्रद्धेविषयी विचारताना त्याच्या उत्तराला खंडन जोडू नये.

सहावी पायरी : मनातल्या शंकांना उत्तर द्या

दीर्घकाळ एकटा राहिलेला माणूस इतरांच्या वागण्यातून नकार शोधू लागतो. कोणी घाईत निघून गेले की "माझ्याशी बोलायचे नव्हते" असे वाटते, संदेशाला उत्तर उशिरा आले की मन दुखावते. क्रिस्टोफर मासी, जॉन कासिओपो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाकीपणावरील उपायांचा २०११ मध्ये एकत्रित आढावा घेतला. केवळ भेटीच्या संधी वाढवण्यापेक्षा अशा चुकीच्या समजुती सुधारण्यावर भर देणारे उपाय अधिक परिणामकारक ठरल्याचे त्यांना आढळले. एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासातून असेही दिसले की, पहिल्या संभाषणानंतर आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज माणसे प्रत्यक्षापेक्षा कमीच करतात.

म्हणून रविवारी घरी आल्यावर मनात आलेला निष्कर्ष आणि प्रत्यक्ष घडलेली घटना वेगवेगळ्या लिहून पाहाव्यात. "तिला मी आवडले नाही" हा निष्कर्ष आहे. "ती मुलाला घ्यायला लवकर निघाली" ही घटना आहे. निष्कर्ष तपासण्याचा उपाय एकच, तो म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा जाऊन बोलणे. आमंत्रण एकदा नाकारले गेले तर काही आठवड्यांनी दुसऱ्यांदा द्यावे. दुसऱ्यांदाही नकार आला तर मनात किल्मिष न ठेवता दुसऱ्या कोणाकडे वळावे.

मर्यादा आणि सावधगिरी

दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट प्रार्थनाविनंतीच्या रूपातही त्याच्या परवानगीशिवाय पुढे सांगू नये. अनेक मंडळ्यांमध्ये विश्वासाला तडा जातो तो याच कारणाने, आणि एकदा पोळलेला माणूस पुन्हा बोलत नाही. पाळक किंवा धर्मगुरू यांना मित्राच्या जागी बसवू नये. त्यांच्यावर अनेक कुटुंबांची जबाबदारी असते. इतर मित्रांपासून व नातेवाइकांपासून तुटायला सांगणारा, पैशासाठी दबाव आणणारा किंवा प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास असे म्हणणारा गट सोडून द्यावा, मग तिथली माणसे कितीही प्रेमळ वाटोत.

झोप, भूक आणि रोजची कामे दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली असतील, तर डॉक्टरांना भेटावे. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. जीव देण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगून आपत्कालीन वैद्यकीय मदत घ्यावी. शेजाऱ्याच्या तोंडून असे काही ऐकले, तर उपदेश न करता ऐकून घ्यावे, त्याला एकटे सोडू नये आणि मदत मिळेपर्यंत सोबत राहावे. चॅड वाराह या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९५३ मध्ये लंडनमधील आपल्या चर्चमधून आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली, तेव्हा त्यांना असे दिसून आले की, त्यांची वाट पाहत बसलेल्या माणसांना सोबत करणाऱ्या सामान्य स्वयंसेवकांच्या ऐकून घेण्यानेच पुष्कळांना उतार पडतो. पुढच्याच वर्षी त्यांनी ऐकण्याचे काम त्या स्वयंसेवकांकडे सोपवले. तिथूनच 'समॅरिटन्स' ही संस्था उभी राहिली.

वर्षभर प्रामाणिक प्रयत्न करूनही एखाद्या मंडळीत जम बसला नाही, तर चर्च बदलण्यात काही गैर नाही. मात्र जुळलेली माणसे त्या निर्णयाबरोबर सोडू नयेत. रविवारचे चर्च दुसरे झाले तरी बुधवारची संध्याकाळची फेरी चालू ठेवावी, आणि कारण विचारले गेले तर ते थोडक्यात, कोणाला दोष न देता सांगावे.